लांबणीवर पडलेली विद्या



‘सवड मिळाली म्हणजे शिकू’ असे आपण सर्वच जण केव्हा ना केव्हा म्हणतो. कोणाला पेटी शिकावयाची असते, कोणाला मोडी वाचावयाची असते, तर कोणाला आजीच्या हातची वाकळ तिच्याच टाक्याने शिवावयाची असते. माझ्या बाबतीत ही लांबणीवर पडलेली विद्या म्हणजे टकळीवर सूत काढणे. शाळेची नोकरी, बदल्या, मुलांची शिक्षणे आणि घरातील वडीलधाऱ्यांची आजारपणे ह्यांत चाळीस वर्षे गेली. निवृत्त होऊन विष्णुपुरीस स्थिर झालो, तेव्हा तिला अवसर मिळाला. आम्हा मास्तरांची तोंडाची टकळी जन्मभर अखंड चालते; हातातली टकळी मात्र साठी उलटल्यावर फिरू लागली. सूत तयार होते म्हणजे नेमके काय होते, उतारवयात ही विद्या कशी साधते, आणि ती पुढे ढकलली असता कोणाचे काय जाते, एवढ्या तीन गोष्टी आज आपणापुढे मांडण्याचे योजिले आहे.

विष्णुपुरी हे गाव नांदेडला लागून गोदावरीच्या काठी आहे. कालेश्वराचे देऊळ आणि गोदावरीवरील मोठा जलाशय ह्यांमुळे त्याचे नाव पुष्कळांना ठाऊक असेल. १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ येथेच आहे, आणि १९८१ पासूनची श्री गुरु गोविंदसिंहजी ह्यांच्या नावाची अभियांत्रिकी संस्थाही येथेच आहे. ह्या संस्थेत वस्त्रविद्येचा स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे यंत्राने सूत व कापड कसे निर्माण होते, हे शिकविणारे विद्यालय आमच्या दारात आहे. परंतु हाताने सूत काढून दाखवील असे माणूस शोधण्यास मला तीन महिने लागले. हा विरोध ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

कारण हा मुलूख मुळातच कापसाचा. येथील काळी जमीन ओल धरून ठेवते आणि कपाशीला ती मानवते. अलीकडे सोयाबीनने पुष्कळ शेते व्यापली असली, तरी दिवाळीच्या सुमारास पांढरी फुटलेली बोंडे अजून दृष्टीस पडतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातील व्यापाराचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात पैठण व तगर ह्या दोन गावांचा उल्लेख आहे. तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेथून साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे, असे तो सांगतो. जे कापड समुद्रापार गेले, त्याचा प्रत्येक धागा येथल्या कोणा बाईच्या बोटांतून निघाला होता. पुढे खुद्द नांदेडची मलमल तिच्या तलमपणामुळे नावाजली गेली. आज ती मलमल विणणारे मागही नाहीत आणि तिचे सूत काढणारे हातही नाहीत. ‘हे सूत कसे काढीत असत?’ असे विचारावयाचे झाले, तर विचारावे असे कोणी उरलेले नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. कापसाचा एक तंतू घेऊन पाहा. देशी कपाशीचा तंतू पाऊण ते एक इंच लांब असतो. सध्याच्या संकरित कपाशीचा इंचाहून किंचित अधिक. इतक्या आखूड तंतूंपासून मैलोगणती लांब धागा कसा होतो? तंतूला तंतू चिकटवीत नाहीत, गाठ मारीत नाहीत. सारा चमत्कार पिळाचा आहे. खेड्यात अंबाडीचे चऱ्हाट वळताना आपण पाहिले असेल. सुट्या वाखाला पीळ पडला, की तो एकमेकांस आवळतो. ओढ जितकी अधिक, तितका आवळ अधिक. घर्षणाने तंतू घसरत नाहीत आणि दोर बैलाचा जोर सोसतो. सुताचे रहस्य हेच. फक्त ते केसाएवढ्या जाडीवर साधावयाचे असते.

म्हणून सूत काढणाऱ्यास दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. एका हाताने तंतू सारखे ओढीत जावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्यांना पीळ द्यावयाचा. पीळ आधी पडला, तर कापसाची दोरी होते. ओढ आधी झाली, तर कापूस मध्येच सुटून हातात येतो. ह्या दोहोंचा मेळ म्हणजेच सूतकताई.

ह्या मेळात निसर्गाने एक मोठी सोय करून ठेविली आहे, आणि ती मला समजली त्या दिवशी मला गणिताचा एखादा सुंदर सिद्धान्त उलगडल्याचा आनंद झाला. पीळ नेहमी धाग्याच्या बारीक भागाकडे धावतो, कारण बारीक भाग वळण्यास सोपा असतो. जाड भागापर्यंत पीळ कमी पोहोचतो व तो मऊ राहतो. अशा स्थितीत धागा हळूच ताणला, तर बारीक भाग पिळाने घट्ट झाल्यामुळे हलत नाही. मऊ राहिलेला जाड भाग तेवढा लांबतो व बारीक होतो. म्हणजे धागा स्वतःच स्वतःला सारखा करून घेतो. काढणाऱ्याने एवढेच करावयाचे, की त्याला तसे करू द्यावयाचे. ‘सुतासारखा सरळ’ असे आपण म्हणतो. ते सरळपण असे हळूहळू येते.

टकळीवर बसण्यापूर्वी कापसाची बरीच सिद्धता करावी लागते. प्रथम सरकी काढावयाची. पाटावर कापूस ठेवून त्यावरून लोखंडी सळई लाटली, की सरकी पुढे उडते आणि रुई मागे राहते. तीन शेर कापसातून साधारण एक शेर रुई निघते. बाकीचे वजन सरकीचे. नंतर धनुकलीच्या तातीने रुई पिंजावयाची, म्हणजे गुंतलेले तंतू मोकळे होतात व कचरा गळून पडतो. मग त्या पिंजलेल्या रुईची काडीवर सैल गुंडाळी करून काडी काढून घ्यावयाची. ह्या नळीस पेळू म्हणतात. सूत चांगले होणार की वाईट, ह्याचा अर्धा निकाल पेळूत लागलेला असतो.

टकळी हे तर अगदी साधे उपकरण आहे. एक वीतभर बारीक सळई, तिच्या खालच्या भागात एक जड चकती आणि वरच्या टोकास एक खाच. खालचे टोक वाटीत टेकवावयाचे, उजव्या हाताच्या बोटांनी टकळीस गिरकी द्यावयाची, आणि डाव्या हातात पेळू धरून तो हात हळूहळू वर न्यावयाचा. हात पुरता वर गेला, की तयार झालेला धागा सळईवर गुंडाळावयाचा आणि पुन्हा आरंभ करावयाचा. गिरणीतील चाती मिनिटाला पंधरा हजारांहून अधिक फेरे घेते. परंतु टकळीवर जे घडते तेच तेथेही घडते. ओढ आणि पीळ ह्यांवाचून तिसरे तत्त्व तेथेही नाही.

मला ज्यांनी हे शिकविले त्या आमच्या शेजारच्या खेड्यातील एक वृद्ध बाई आहेत. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. तरुणपणी त्यांनी खादीच्या केंद्रासाठी वर्षानुवर्षे सूत काढले. आम्ही सर्व जण त्यांना मावशी म्हणतो. मी पुस्तकातील आकृत्या पाहून आठ दिवस घरी खटपट केलेली होती व मग त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी माझी टकळी पाहिली नाही की सूत पाहिले नाही, माझा डावा हात पाहिला आणि म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही लईच दाबून धरायलाव की. कापूस काय पळून चाललाय का?” ज्याने हयातभर खडू धरला, त्याची बोटे घट्ट धरण्यास सरावलेली असतात. पेळू धरावयाचा तो पडू नये एवढाच, आणि तंतू जितके जातील तितके जाऊ द्यावयाचे. हे वाक्य सांगण्यास पाच सेकंद लागतात. बोटांस ते समजण्यास मला तीन आठवडे लागले.

उतारवयात शिकणाऱ्यांना पहिली भीती वाटते ती डोळ्यांची. तिचे निरसन मी अनुभवाने करू शकतो. सूत डोळ्यांनी काढीतच नाहीत. जाड भाग आला, की तो अंगठा व तर्जनी ह्यांच्यामध्ये जाणवतो. मावशींना आता धागा स्पष्ट दिसत नाही, परंतु माझी गुंडी बोटांतून फिरवून कोठे गडबड झाली हे त्या सांगतात, आणि ते बरोबर निघते. दुसरी भीती शक्तीची. येथे शक्तीची अडचण होते, मदत होत नाही. जे लागते ते म्हणजे एका जागी अर्धा तास निवांत बसणे. आणि ही गोष्ट पंचविशीपेक्षा पासष्टीत अधिक सुलभ असते.

प्रगती मोजण्याचीही एक रीत आहे, आणि शाळामास्तराला ती प्रिय व्हावी हे स्वाभाविक आहे. एक पौंड वजनात ८४० वारांच्या जितक्या गुंड्या बसतात, तो त्या सुताचा नंबर. म्हणून नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक. आपल्या मापात सांगावयाचे तर एक नंबरी सुताच्या एका ग्रॅममध्ये सुमारे १.७ मीटर धागा असतो. मी रोज अर्धा तास बसत असे. हजार मीटरांची पहिली गुंडी पुरी होण्यास चाळीस दिवस लागले. तिचे वजन ७५ ग्रॅम भरले. म्हणजे ग्रॅमला सव्वातेरा मीटर, नंबर जेमतेम आठ. सहा महिन्यांनंतरच्या गुंडीचे वजन ४० ग्रॅम भरले. नंबर पंधराच्या जवळ आला. शंभर नंबरी सुताची हजार मीटरांची गुंडी अवघी सहा ग्रॅमांची असते. नांदेडच्या जुन्या मलमलीचा विचार मनात आला, की मी माझी गुंडी तराजूत घालतो आणि त्या अनाम बायांना मनोमन नमस्कार करतो.

ह्याच हिशेबाने आणखी एक गोष्ट कळते. साध्या खादीत एका सेंटिमीटरमध्ये उभे सोळा व आडवे सोळा धागे असले, तर एक चौरस मीटर कापडास बत्तीसशे मीटर सूत लागते. चार मीटर लांब व सव्वा मीटरला थोड्या कमी रुंदीच्या धोतरास पंधरा किलोमीटरांहून अधिक! विष्णुपुरीहून निघून नांदेड गाठावे आणि परत यावे, जवळजवळ तेवढा धागा एका धोतरात असतो. यंत्र येण्यापूर्वी हा सर्व धागा माणसांनी, बहुतांशी स्त्रियांनी, वीत वीत करून काढला. ‘सुतावरून स्वर्ग गाठणे’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो; परंतु सुतावरून निदान इतिहास तरी गाठता येतो.

उशिरा शिकणाऱ्यांनी संकोच करू नये, ह्यासाठी एक थोर उदाहरण आहे. गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहिले, तेव्हा त्यांनी चरख्याचा अगर हातमागाचा पुरस्कार केला खरा. पण चरखा प्रत्यक्ष पाहिल्याचे त्यांना स्मरत नव्हते. पुढे साबरमतीच्या आश्रमात माग आले, परंतु त्यांवर गिरणीचेच सूत विणावे लागे. हाताने सूत काढणारे कोणी भेटेना. १९१७ साली भडोचच्या शिक्षणपरिषदेत गांधीजींची गंगाबेन मजुमदार ह्यांच्याशी ओळख झाली आणि ह्या बाईंनी शोधाचा भार उचलला. पुष्कळ भटकंतीनंतर बडोदे संस्थानातील विजापूर गावी त्यांना चरखे सापडले. घरोघरी ते माळ्यावर अडगळीत पडलेले होते. पेळू मिळतील आणि सूत विकत घेतले जाईल, तर आम्ही पुन्हा काततो, असे तेथील लोकांनी सांगितले. त्या वेळी गांधीजी पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. पुढे आमच्या पुण्याच्या येरवडा तुरुंगात त्यांनी पेटीत मावणारा चरखा सिद्ध केला, आणि १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेनंतर हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची जी योजना झाली, तिच्यातून टकळी शाळाशाळांत गेली.

ह्या कथेतील एका बारकाव्याकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. विजापूरचे चरखे अडगळीत होते, पण कातणाऱ्या बाया हयात होत्या. म्हणून काम पुन्हा सुरू झाले. चरखे नसते आणि बाया असत्या, तर सुताराकडून चरखे करून घेता आले असते. चरखे असून बाया नसत्या, तर मात्र ती लाकडे तशीच राहिली असती. ढाक्याच्या मलमलीचे उदाहरण ह्याच्या उलट आहे. तेथे साखळी पुरती तुटली होती. बांगलादेश सरकारने अलीकडे ती मलमल पुन्हा विणविण्याचे मनावर घेतले, तेव्हा फुटी कार्पास नावाची लुप्तप्राय कपाशी शोधण्यापासून आरंभ करावा लागला, आणि जाडे सूत काढणाऱ्या बायांना बारीक सूत काढण्याचे शिक्षण नव्याने द्यावे लागले. २०२० साली त्या मलमलीस भौगोलिक मानांकन मिळाले. एका पिढीने दुसरीस शेजारी बसवून जे सहज दिले असते, त्यासाठी एका राष्ट्रास एवढे सायास पडले.

आपल्याकडे साखळी अजून तुटलेली नाही, परंतु तिच्या कड्या बारीक झाल्या आहेत. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते आणि त्यासाठी लागणारी खादी लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे विणली जाते, ही गोष्ट आपल्या भागास भूषणावह आहे. राष्ट्रध्वज हातसुताच्या, हातविणीच्या कापडाचाच असावा, असा पूर्वी नियम होता. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर तयार झालेल्या व पॉलिस्टरच्या कापडाचे ध्वजही संमत झाले. ह्या बदलाची अनुकूल-प्रतिकूल चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. एवढे मात्र खरे, की जे काम पूर्वी नियमाच्या आधाराने उभे होते, ते आता पुष्कळ अंशी लोकांच्या आवडीवर उभे आहे. आणि ज्यांना कामाची ओळखच नाही, त्यांना त्याची आवड कोठून असणार?

आता नुकसान कोणाचे, ह्या शेवटच्या गोष्टीकडे येतो. एखादी विद्या आपण लांबणीवर टाकतो, तेव्हा आपण फक्त आपल्या वयाचा हिशेब करतो. साठीत शिकलो काय अन् चाळिशीत शिकलो काय, असे मनास सांगतो, आणि शिकणाऱ्यापुरते ते पुष्कळसे खरेही आहे. परंतु ज्याच्याकडून शिकावयाचे त्याचेही वय त्याच वेगाने वाढत असते. मावशींचा उजवा खांदा आता वर उचलत नाही. त्यामुळे टकळी त्या मला हातात हात घेऊन शिकवू शकल्या, पण धनुकलीने पिंजण्याचे काम त्या करून दाखवू शकत नाहीत. फक्त तोंडाने सांगतात. तातीवर ठोका कोठे द्यावयाचा, हे त्या सांगतात. ठोक्याचा आवाज बरोबर आला की नाही, हेही सांगतात. परंतु ठोका आणि आवाज ह्यांच्यामध्ये मनगटाची जी एक लकब आहे, ती शब्दांत येत नाही. मी अजून चाचपडत आहे. माझे पेळू अजून गाठाळ होतात, आणि त्या चांगल्या पेळूची आठवण करून मान हलवितात. विद्येचा तेवढा भाग गुरू समोर बसलेला असताना मजपासून दूर राहिला आहे.

म्हणून ज्यांच्या मनात अशी एखादी विद्या घर करून आहे, त्यांना माझी विनंती अशी, की साहित्य जमविण्यापूर्वी माणूस शोधावे. टकळी चार दिवसांनी मिळाली तरी चालेल. घरात वाकळ शिवणारी आजी असेल, गल्लीत गादी पिंजणारा वृद्ध पिंजारी असेल, पैठण-येवल्याकडील एखादा विणकर ओळखीचा असेल, तर त्याच्यापाशी जाऊन आधी नुसते बसावे. त्याचे हात पाहावे. आरंभी बारीक सुताचा हव्यास धरू नये. जाडे पण अखंड सूत निघाले म्हणजे पुष्कळ झाले. रोज अर्धा तास पुरे, पण तो रोज असावा. तुटलेल्या धाग्याची टोके उकलून एकमेकांत मिसळली व पीळ दिला, की ती जुळतात; तेव्हा तुटण्याचे भय बाळगू नये. आणि नातवंडे भोवती जमली, तर त्यांच्याही हातात एक पेळू द्यावा. त्यांची बोटे आपल्याहून सैल असतात, आणि ती आपल्याआधी शिकतात, असे मी पाहिले आहे.

माझे सूत अजून एका पंचाएवढेही जमलेले नाही. त्यास आणखी दोन गुंड्या हव्यात. त्या पुऱ्या झाल्या, की ते विणकराकडे जाईल. तोवर मावशींच्या ओसरीवर रोज सकाळी माझी शाळा भरते, आणि तिला सुटी देण्यास मी तयार नाही.

इतके सांगून आपली रजा घेतो.